अभ्यासलेख : सायलेन्सरचे नट-बोल्ट किती आवळावेत?



या तिमाहीचा अभ्यास गाडीच्या सायलेन्सरविषयी आहे. विषय वाचून काहींना हसू येईल. माझी पदविका धर्मशास्त्राची, आणि चाळिशी ओलांडेपर्यंत मी हातात पाना धरला नव्हता. पण सेवाकार्यात गाडी आली, गाडीत लेकरे बसू लागली, आणि एका जानेवारीत जे घडले त्यानंतर हा विषय मला शिकावाच लागला. भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांतील भिल्ल वस्त्यांवर जाणारे आपले कार्यकर्ते बहुधा स्वतःच गाडी चालवतात. शिवाय वस्त्यांवरची काही मुले गॅरेजात काम शिकत आहेत. त्या दोघांसाठी हा लेख आहे. इतरांनीही वाचावा, कारण गाडीत आपण सगळेच बसतो.

काय घडले

पहाटेची कडाक्याची थंडी होती. वस्तीवरच्या सहा मुलांना डॉक्टरांच्या तपासणीसाठी आम्ही राजूरमार्गे जालन्याला आणत होतो. गाडी पेट्रोलवर चालणारी व्हॅन, इंजिन पुढच्या सीटखाली. थंडीमुळे सगळ्या काचा बंद होत्या. राजूर यायच्या आधीच दोन मुली डोके दुखते म्हणू लागल्या, एकीला उलटी झाली. लेकरांना गाडी लागली असेल असे समजून मी लिंबू कापून हातात दिले. थोड्या वेळाने गाडी चालवणारे आमचे मामा म्हणाले, "ताई, माझंबी डोकं गरगरायलंय."

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. वीस वर्षे गाडी हाकणाऱ्या माणसाला गाडी कशी लागेल? आम्ही गाडी थांबवली आणि सर्वांना खाली उतरवून मोकळ्या हवेत बसवले. अर्ध्या तासात मुले बिस्किटे मागू लागली. पुढचा प्रवास दुसऱ्या गाडीने केला आणि डॉक्टरांना घडले ते सर्व सांगितले. देवाच्या दयेने कुणाला इजा झाली नाही.

व्हॅन जालन्यातील एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी सीट उचलून बॅटरी दाखवली आणि म्हणाले, "ताई, हे बघा." इंजिनाला सायलेन्सर जिथे जोडलेला असतो तिथे काजळीचा काळा पट्टा उमटला होता. एक स्टड तुटलेला होता, दोन नट ढिले होते, आणि एक इतका आवळला होता की पट्टी वाकली होती. आठ दिवसांपूर्वीच एका गॅरेजात तिथले पॅकिंग बदलले होते. गाडीची पीयूसीही चालू होती. मात्र पीयूसीची नळी सायलेन्सरच्या शेपटाला लावतात. वाटेत, सीटखाली काय गळते ते त्या कागदावर येत नाही.

न दिसणारा वायू

पेट्रोल पूर्ण जळाले नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू कमी पडतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, हातापायांतले बळ जाणे ही त्याची लक्षणे. गाडी लागल्यासारखीच ती दिसतात, आणि तिथेच माणूस फसतो. ओळखण्याची खूण अशी की एकाच वेळी अनेकांना त्रास होतो, ताप नसतो, आणि मोकळ्या हवेत आराम पडतो. असे झाले तर गाडी बंद करून सर्वांना बाहेर काढावे आणि १०८ ला फोन करावा. नुसती काच खाली करून पुढे जाऊ नये. मागचे दार उघडे ठेवून तर मुळीच जाऊ नये, त्याने धूर उलट आत ओढला जातो.

हा वायू कमी व्हावा म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवतात. आपल्या देशात १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथे नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२० पासून तर देशभर भारत स्टेज ६ चे नियम लागू आहेत. पण कन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी त्याच्या आधीचा सांधा गळत असेल तर विषारी वायू त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. उलट त्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते. ऑक्सिजन सेन्सरला वाटते की हवा जास्त झाली, आणि इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. म्हणजे एका ढिल्या नटाने गाडी जास्त पेट्रोल पिते आणि जास्त विषही सोडते.

घट्ट म्हणजे किती?

माझी समजूत होती की नट जितका घट्ट तितका चांगला. चाचांनी ती पहिल्याच दिवशी मोडली. आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा परत आकसायला बघतो. त्या ओढीनेच दोन पट्ट्या एकमेकींवर दाबून राहतात. कमी आवळला तर ओढ नाही. फार आवळला तर बोल्ट कायमचा लांबतो, त्याची ओढ संपते, आणि एक दिवस तो तुटतो.

आवळण्याची ताकद न्यूटन मीटरमध्ये मोजतात. वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर साधारण दहा किलोचा जोर दिला की २० न्यूटन मीटर होतात. ८ मिलिमीटरच्या साध्या बोल्टला सर्वसाधारणपणे २० ते २५ पुरतात. आता त्याच पान्याला पाइप घालून लांबी साठ सेंटिमीटर केली आणि जोर तेवढाच दिला, तर ६० न्यूटन मीटर होतात, म्हणजे तिप्पट. पाइप लावून आवळलेला लहान बोल्ट तुटतो तो असा. खरा आकडा प्रत्येक गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि तोच धरावा. शेजारच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

हे मोजायला टॉर्क रेंच असतो. आकडा लावायचा, सावकाश ओढायचे, 'कट्' असा आवाज आला की थांबायचे. खात्रीसाठी म्हणून पुन्हा ओढायचे नाही. काम झाल्यावर तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग खराब होते. नट सोडायला हा रेंच कधी वापरू नये.

सायलेन्सरच्या बोल्टची परीक्षा इतरांपेक्षा कठीण असते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवतात ते आपण पाहिले आहे. धाव तापली की फुगते, निवली की चाकाला आवळून बसते. सायलेन्सरच्या तोंडाशी हेच रोज होते. एक फूट लोखंड पाचशे अंशांनी तापले तर सुमारे दोन मिलिमीटर वाढते आणि थंड झाल्यावर परत आकसते. वेडेवाकडे आवळलेले बोल्ट या रोजच्या फुगण्या-आकसण्यात आधी ढिले होतात, मग तुटतात.

कामाचा क्रम

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नये, घोड्या लावाव्यात. बॅटरीची ऋण तार काढावी.

२. गंजलेल्या नटावर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर थांबावे. नट थोडा सोडावा, थोडा परत फिरवावा, असे करत काढावा. एकदम हिसका दिला तर स्टड तुटतो.

३. जुने पॅकिंग पुन्हा घालू नये. दबलेली कुकरची रिंग जशी वाफ धरत नाही, तसेच ते. दोन्ही पट्ट्या घासून स्वच्छ कराव्यात, पण त्यांवर ओरखडे पाडू नयेत. आटे झिजलेले नट आणि लॉक नट नवेच घालावेत.

४. आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. मॅन्युअलने सांगितल्याशिवाय तेल किंवा ग्रीस लावू नये. मॅन्युअलमधला आकडा बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो. आटे तेलकट असले तर त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो.

५. सर्व नट आधी हाताने, बोटांनी फिरवून बसवावेत. हाताने फिरत नसेल तर आटे तिरके लागले आहेत. तिथे पाना लावू नये, काढून पुन्हा लावावे.

६. इंजिनाजवळच्या पट्टीचे नट मधून सुरू करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे न्यावेत. एका फेरीत पूर्ण आवळू नये. पहिल्या फेरीत अर्धे, दुसऱ्या फेरीत पूर्ण आकड्यावर. तीन बोल्टची पट्टी असेल तर तिन्ही थोडे थोडे आवळावेत, म्हणजे पट्टी एका अंगाला कलत नाही.

७. पूर्ण सायलेन्सर बसवताना सर्व सांधे आधी सैल ठेवून तो रबरांवर टांगावा, सरळ करावा, आणि मग इंजिनाकडून शेपटाकडे आवळत जावे. स्प्रिंग असलेल्या बोल्टच्या जागी साधा बोल्ट घालू नये. इंजिन हलते तेव्हा सांध्याला लवचीकता देण्यासाठीच ती स्प्रिंग असते.

८. ऑक्सिजन सेन्सर हाताने फिरवून बसवावा आणि मॅन्युअलच्या आकड्यावर आवळावा. आट्यांना लावायची पेस्ट त्याच्या टोकाला लागू देऊ नये, लागली तर सेन्सर निकामी होतो.

९. शेवटी थंड इंजिन उघड्या जागेत सुरू करावे, बंद शेडमध्ये नाही. टिकटिक आवाज येतो का ऐकावे. सांधा गार असतानाच त्यावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. गाडी एकदा तापून पुन्हा पूर्ण थंड झाली की मॅन्युअलप्रमाणे नट परत तपासावेत.

तुटलेला स्टड

चाचांकडे आपल्या एका वस्तीवरचा मुलगा काम शिकतो. दहावी झालेला आहे, वडील ऊसतोडीला जातात. आमच्या व्हॅनचे काम चालू असताना दुसरा एक गंजलेला स्टड त्याच्या हातून तुटला. मी शेजारीच उभी होते. त्याचा चेहरा उतरला. तुटलेल्या जागी पेस्ट भरून वर नट चिकटवून ठेवला असता तर त्या दिवशी कुणाला कळले नसते. थोडा वेळ तो तसाच बसून राहिला, मग उठून चाचांकडे गेला आणि म्हणाला, "चाचा, माझ्या हातानं तुटला."

चाचांनी स्टड पाहिला. "रात्रभर तेल मारून ठेवायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "पण सांगितलंस ते बरं केलंस. न सांगता बसवला असतास तर कुणाच्या तरी लेकराच्या जिवावर बेतलं असतं." मग त्यांनी तो भाग लेथवाल्याकडे पाठवून स्टड काढून घेतला. पैसे मुलाच्या मजुरीतून कापले नाहीत.

मला तेव्हा आधीच्या गॅरेजची आठवण झाली. तिथेही कुणाच्या तरी हातून असाच स्टड तुटला असेल. कदाचित तोही नवशिका पोरगाच असेल. 'मालक हाकलून देईल' या भीतीने तो गप्प बसला असेल, आणि तुटलेल्या स्टडची कसर भरायला शेजारचा नट त्याने पट्टी वाकेपर्यंत आवळला असेल. त्याच्या गप्प बसण्याची किंमत आमच्या सहा लेकरांनी मोजली असती.

वस्तीवरच्या आपल्या मुलांना ही भीती जास्त असते. काही हरवले, काही मोडले की पहिला संशय त्यांच्यावर येतो, हे ती लहानपणापासून पाहत आली आहेत. त्यामुळे त्यांना काम शिकवताना पाना कसा धरावा एवढेच सांगून भागत नाही. चूक सांगणाऱ्याला इथे हाकलत नाहीत, हेही त्यांना अनुभवाने कळले पाहिजे. असा विश्वास असलेला कारागीर कुठल्याही गॅरेजात मान मिळवतो.

तो मुलगा आता शासकीय आयटीआयच्या प्रवेशाची तयारी करतो आहे. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. आपल्या राज्यात अनुसूचित जमातींसाठी सात टक्के जागा राखीव असतात. जातीचा दाखला काढायला वेळ लागतो, म्हणून ज्यांची मुले दहावीत आहेत त्यांनी आतापासूनच धावपळ सुरू करावी.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गाडीच्या सांध्यांवर काजळी आहे का? शेवटचे कधी पाहिले होते?

२. प्रवासात अनेकांना एकदम मळमळले तर आपण पहिली गोष्ट कोणती कराल?

३. बोल्ट फार घट्ट आवळल्याने तो ढिला कसा पडतो, हे वस्तीवरच्या एखाद्या मुलाला आपल्या शब्दांत समजावून सांगा.

४. आपल्या हाताखाली शिकणाऱ्याने शेवटची चूक स्वतःहून कधी सांगितली? तेव्हा आपण त्याला काय म्हणालो?

पुढच्या फेरीला निघण्यापूर्वी सीट एकदा उचलून पाहा.