तोकियोचें जळालेलें ग्रंथालय

ता. १ सप्टेंबर १९२३ रोजीं दुपारीं बाराच्या सुमारास जपानची राजधानी तोकियो भूकंपानें हादरली. पाठोपाठ आगी लागल्या, आणि तेथील शाही विश्वविद्यालयाचें ग्रंथालय सात लाखांहून अधिक ग्रंथांसह भस्मसात् झालें. यांतील एक हानि आम्हां भारतीयांस विशेष जवळची वाटते. सायणभाष्यासह ऋग्वेद छापून प्रसिद्ध करणारे पंडित मॅक्स मुल्लर १९०० सालीं निवर्तले. त्यांचा सुमारें दहा हजार ग्रंथांचा संग्रह बॅरन इवासाकी यांनीं विकत घेऊन या विश्वविद्यालयास अर्पण केला होता. ऑक्सफर्डहून इतक्या दूर आलेलें तें धन राख झालें! त्या दिवशीं वाचावयास बाहेर नेलेलीं पुस्तकें तेवढीं बचावलीं. एरवीं पुस्तक उशिरां परत करणारावर ग्रंथपाल रागावतात.

हें विद्यामंदिर पुन्हां उभें राहावें, ही इच्छा एकट्या जपानची नव्हती. देशोदेशींहून पुस्तकें येऊं लागलीं. अमेरिकेंतील धाकटे जॉन रॉकफेलर यांनीं ४० लक्ष येन दिले व १९२८ सालीं नवें ग्रंथालय बांधून पुरें झालें. ज्या हस्तलिखितांची दुसरी प्रत नव्हती, तीं मात्र कोणत्याहि द्रव्यानें परत येणारीं नव्हतीं. ती इमारत आजहि उभी असून विद्यार्थी तेथें अभ्यासास बसतात.