पाण्याखालचा प्रवासी

मुलांनो, आपले सोनपेठ समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही समुद्राशी आपले नाते आहे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांकडे आपला शेतकरी डोळे लावून बसतो. हेच वारे समुद्रातही एक मोठे काम करतात.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याजवळ वाऱ्याचा काही जोर किनाऱ्यालगत दक्षिणेकडे असतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते. त्यामुळे समुद्राचे वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकते. त्याची जागा घेण्यासाठी खालचे थंड पाणी वर येते. केरळजवळ ही क्रिया जोरात होते, गोव्याकडे ती सौम्य असते.

या थंड पाण्यात पोषक क्षार भरपूर असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि तारली, बांगडा यांसारख्या माशांना अन्न मिळते. पण या पाण्यात प्राणवायू कमी असतो. मेलेल्या वनस्पती कुजताना तोही संपत जातो. मग तळाजवळच्या जीवांना तेथे राहणे कठीण होते. म्हणजे जे पाणी कोळ्यांची जाळी भरते, तेच कधी ती रिकामीही ठेवते!

गोव्यातील दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना 1966 साली झाली. 1997 पासून तिचे शास्त्रज्ञ कांदोळी गावासमोरील समुद्राची तपासणी करू लागले. तेथे प्राणवायू किती घटतो, हे डॉ. सय्यद वजीह अहमद नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली जगासमोर मांडले.

परंतु पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. लहान बोटी बाहेर काढणे धोक्याचे असते. अशा वेळी ‘ग्लायडर’ हे यंत्र उपयोगी पडते. ते सुमारे दीड मीटर लांब असते. त्याला दोन पंख असतात, पण ढकलणारा पंखा लागत नाही. आतले तेल बाहेरच्या पिशवीत ढकलले की यंत्राचे वजन तेवढेच राहते, पण आकारमान वाढते. म्हणून ते वर येते. तेल आत घेतले की ते खाली जाते. पंखांमुळे ते वरखाली होताना पुढेही सरकते. वाटेत ते पाण्याचे तापमान, खारटपणा व प्राणवायू मोजते. वर आल्यावर ही माहिती उपग्रहामार्फत शास्त्रज्ञांना पाठवते.

2009 साली अशाच एका ग्लायडरने 221 दिवसांत अटलांटिक महासागर पार केला. 2016 साली भारतीय व ब्रिटिश शास्त्रज्ञांनी बंगालच्या उपसागरात मोसमी पावसाच्या अभ्यासासाठी ग्लायडर सोडले.

ग्लायडरची चाल माणसाच्या चालण्यापेक्षाही मंद असते. पण ते न थकता महिनोन्‌महिने काम करते. समुद्राचे मन ओळखायचे, तर असाच धीर हवा.

शब्दार्थ : सौम्य – कमी जोराचा; खवळणे – उसळणे; आकारमान – वस्तूने व्यापलेली जागा.

स्वाध्याय
1. खालचे पाणी वर का येते?
2. या पाण्याचा एक फायदा व एक तोटा लिहा.
3. ग्लायडर वरखाली कसे होते?