‘शेवटी गॅरेज आहेच’ असे म्हणणाऱ्या पालकांस

दहावी-बारावीचे निकाल लागून मृगाच्या पहिल्या सरी पडू लागल्या, की सांगलीजवळील बुधगाव, कवलापूर, बिसूर आणि खुद्द आमचे माधवनगर येथील पालकांची जी रीघ माझ्या दारी लागते, तिच्या मुखी गेली कित्येक वर्षे एकच प्रश्न असतो आणि त्या प्रश्नामागची धास्तीही तीच असते : ‘सर, कॉम्प्युटरला कुठं नंबर लागंल का?’ मुलाचे हात कशात रमतात, एखादी वस्तू बिघडली असता तो ती बाजूस टाकतो की उघडून पाहतो, याची चौकशी त्या प्रश्नात नसते. शेजारच्या घरातला मुलगा हिंजवडीला लागला, एवढाच त्याचा आधार असतो.

यंदा एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आले. यंत्रमागावर उमर काढलेला माणूस, बोलण्यात काळजीचा भार. मुलाला दहावीस ६१ टक्के गुण. पुढे काय करावेसे वाटते असे विचारले तेव्हा तो खाली मान घालून बसला. परंतु माझी स्कूटर अलीकडे सकाळी चालू व्हावयास त्रास देते, असे मी बोलता बोलता सांगितले, तोच त्याने मान वर करून विचारले, ‘सर, थंड असतानाच, का गरम झाल्यावर बी?’ निदानाचा पहिला प्रश्न हाच होय, आणि तो त्यास कोणी शिकविलेला नव्हता. वडिलांचे तिकडे लक्ष नव्हते. ते म्हणाले, ‘डिप्लोमाला कॉम्प्युटर मिळालं तर बघू, सर. न्हाईतर शेवटी गॅरेज हायच. मेव्हण्याच्या वळखीचं एक हाय, तितं घालतो त्याला.’

त्या ‘शेवटी’ आणि ‘घालतो’ या दोन शब्दांनी मला अस्वस्थ केले. ज्या मुलास आपण पराभूत ठरवून, शिक्षा म्हणून, एखाद्या धंद्यात लोटतो, तो त्या धंद्याकडे आदराने पाहील आणि त्यात नाव काढील, ही अपेक्षा पालकांनी कोणत्या न्यायाने करावी?

संगणकाच्या विद्येचा मी वैरी नाही. ज्यास गणिताची गोडी आहे, तासन्‌तास एका जागी बसून एका चुकीचा माग काढण्याची चिकाटी आहे, त्याने ती अवश्य घ्यावी; सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण देणारे वालचंद महाविद्यालय आपल्या दाराशी आहे, त्याच्या प्रवेशासाठी जिवापाड मेहनत करावी. परंतु जेथे शिकविणारा दरवर्षी बदलतो आणि प्रयोगशाळेस कुलूप असते, अशा कोठल्यातरी दूरच्या महाविद्यालयात जमीन गहाण ठेवून जागा मिळविणे, केवळ त्या शाखेच्या नावात संगणक आहे म्हणून, हा व्यवहार मला स्पष्टपणे नुकसानीचा दिसतो.  

गॅरेजविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्याविषयी कोणी लिहीत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. गाडी दुरुस्त करणे आणि गॅरेज चालविणे या दोन भिन्न विद्या आहेत. आपल्या परिसरात असे वाकबगार मिस्त्री मी पाहिले आहेत, की इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड कोणत्या सिलिंडरमध्ये आहे ते सांगतील. आणि त्यांतल्याच कित्येकांनी स्वतःचे गॅरेज थाटल्यावर दोन-तीन वर्षांत शटर ओढून पुन्हा दुसऱ्याच्या पदरी नोकरी धरलेली पाहिली आहे. त्यांचे हात चुकले नाहीत. त्यांच्या एका तासाचे मोल किती, हे त्यांस कोणी कधी सांगितले नव्हते.

तो हिशेब एकदा मांडून पाहू. समजा, जागेचे भाडे २० हजार, दोन कारागीर व एक मदतनीस यांचा पगार ४५ हजार, वीज-पाणी ५ हजार आणि कर्जाचा हप्ता १० हजार, असा महिन्याचा ८० हजारांचा खर्च आहे. दोन कारागीर, २६ दिवस, रोजचे ८ तास, म्हणजे ४१६ तास कागदावर मिळाले. परंतु गाड्या हलविणे, सुट्या भागासाठी दुकानात माणूस धाडणे, गिऱ्हाइकाची वाट पाहणे यांत त्यांतला तिसरा हिस्सा जातो, आणि विकण्याजोगे तास उरतात सुमारे २८०. म्हणजे तासास सुमारे २८५ रुपये मजुरी पडली, तरी मालकाच्या हाती कवडीदेखील उरली नाही. तो स्वतः सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत राबला, तो फुकट. आता शेजारचा अमुक काम दोनशेत करतो म्हणून आपणही दोनशेत करावयाचे, हा जो शिरस्ता पडला आहे, त्याने किती संसार बुडत असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. सुट्या भागांवरील नफ्याने ही तूट भरून काढण्याचा मोह मग होतो, आणि तेथून डुप्लिकेट मालाची वाट फार लांब नाही.

म्हणून ज्यास गॅरेज चालवावयाचे आहे, त्याने पाना हाती धरण्याबरोबरच लेखणी हाती धरावी. गाडी आत येताच जॉब कार्ड लिहिले जावे. त्यात गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत नोंदवावी, किलोमीटर लिहावेत, पूर्वीचा ओरखडा वा पोचा असेल तर तोही दाखवून लिहावा. खर्चाचा अंदाज गाडी उघडण्यापूर्वी द्यावा. उघडल्यावर आणखी काही निघाले, तर गिऱ्हाइकास फोन करून त्याची संमती घेतल्यावाचून त्यास हात लावू नये. आणि बदललेला जुना भाग पिशवीत घालून त्याच्या हवाली करावा. हे सारे क्षुल्लक वाटेल. परंतु गाडीच्या पोटात काय चालते ते न समजणाऱ्या माणसास आपण फसविले जात आहोत ही जी शंका सतत पोखरीत असते, तिचे निवारण एवढ्याने होते.

याखेरीज एक वही अशी असावी, जी मी फार थोड्या गॅरेजांत पाहिली : परत आलेल्या गाड्यांची वही. दुरुस्ती करून गेलेली गाडी त्याच तक्रारीने पुन्हा आली, तर तिची तारीख, काम करणारा कोण, कारण काय, हे तीत लिहावे, आणि महिन्याअखेर सर्व कारागिरांना बसवून ती वाचावी. कोणाची अब्रू काढण्यासाठी हे करावयाचे नाही. तीन गाड्या एकाच कारणाने परत आल्या असतील, तर दोष बहुधा माणसाचा नसून पद्धतीचा असतो : टॉर्क पाना कोणी वापरीत नाही, किंवा ट्रायल घेतल्याविनाच गाडी ताब्यात दिली जाते. गिऱ्हाइकासमोर कारागिरास शिव्या देणारा मालक चांगला कारागीर टिकवू शकत नाही. आणि चौदा वर्षांखालील पोरगा ‘पोऱ्या’ म्हणून ठेवणारा मालक कायद्याने गुन्हेगार आहे. त्याच्याकडे तुम्ही आपला मुलगा शिकावयास मुळीच पाठवू नये, कारण जो दुसऱ्याच्या लेकराचे बालपण हिरावतो, तो तुमच्या मुलास काय शिकविणार?

उधारीविषयी तर आमच्या भागात विशेष सांगितले पाहिजे. गळिताच्या हंगामात वसंतदादा साखर कारखान्याकडे ऊस वाहणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. त्यांचा क्लच गेला, हायड्रॉलिक गळू लागले, की काम आत्ताच्या आत्ता हवे असते आणि पैसे मात्र बिल निघाल्यावर. हा शेतकऱ्यांचा मुलूख आहे, तेव्हा उधारी अजिबात न देण्याची मुभा येथील गॅरेजवाल्यास नाही. परंतु सुट्या भागांची किंमत रोख आणि फक्त मजुरी मुदतीने, असा नियम पहिल्या दिवसापासून लावला, तर त्याचे स्वतःचे देणे तरी थकत नाही. नियम पाचव्या वर्षी लावू पाहणाऱ्यास गिऱ्हाइके आणि पाहुणे दोन्ही दुरावतात.

गिऱ्हाइकाचा विश्वास कसा मिळवावा लागतो, याचा दाखला जवळच आहे : आमच्या लोहमार्गावर माधवनगरनंतर नांद्रे, भिलवडी आणि मग किर्लोस्करवाडी लागते. तेथील किर्लोस्करांचा कारखाना १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर उभा राहिला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानात झाला, याचा विसर मात्र पडतो. पुढे लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे शेतकरी त्यास शिवेना. यंत्र उत्तम असून भागले नाही, माणसाचा विश्वास संपादन करावा लागला; आणि गिऱ्हाइकांशी व विक्रेत्यांशी बोलता यावे म्हणून १९२० साली किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, तीच पुढे मराठीतले एक श्रेष्ठ मासिक झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र पालक मुलांना सांगतात ते त्यांच्या कारखान्यासाठी; मी सांगतो ते या बोलण्यासाठी, कारण गॅरेजवाला गिऱ्हाइकाशी बोलावयास शिकला नाही, तर त्याचे कसब गाडीखालीच राहते.

या बोलण्याचे मोल पुरात कळते : २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले आणि सांगलीतल्या असंख्य गाड्या पाण्याखाली आल्या. पूर ओसरल्यावर घाईघाईने किल्ली फिरविली, की काय होते? हवेसारखे पाणी दाबले जात नाही; सिलिंडरमध्ये ते शिरले असता कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे काम थोडक्यात भागले असते, ते इंजिन खोलण्यापर्यंत जाते; शिवाय अशा नुकसानीचा दावा विमा कंपन्या पुष्कळदा नाकारतात. अशा वेळी ज्या गॅरेजवाल्याच्या दप्तरी आपल्या गिऱ्हाइकांचे क्रमांक आहेत आणि जो पाणी चढत असतानाच ‘गाडी चालू करू नका, बॅटरीची वायर काढा, मी येतो’ एवढा निरोप प्रत्येकास धाडतो, त्यास पुढील वीस वर्षे पाटी रंगविण्याची गरज पडत नाही.

मुलास गणित-विज्ञान येत नाही म्हणून गॅरेजात घालतो, असे म्हणणाऱ्यांनी १ एप्रिल २०२० नंतरची कोणतीही बीएस-६ गाडी उघडून पाहावी. स्कॅनर लावला की तो एक संकेतांक दाखवितो. पण संकेतांक म्हणजे निदान नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा दोष दाखविला गेला, सेन्सर हजारो रुपये खर्चून बदलला, आणि खरे कारण उंदराने कुरतडलेली वायर किंवा सायलेन्सरच्या जोडाची गळती निघाली, असे घडते. मल्टिमीटरने विद्युत्‌दाब मोजणे आणि मिळालेल्या आकड्यावरून तर्क करणे हे विज्ञानच आहे. विजेच्या गाड्या आल्या, आता गॅरेजे बंद पडणार, या भीतीतही अर्धेच तथ्य आहे : इंजिन ऑइल आणि क्लच गेले, ब्रेकही कमी झिजतात; टायर, सस्पेन्शन, वातानुकूलन आणि वायरिंग राहिले. मात्र केशरी आवरणाच्या केबलीत शेकडो व्होल्टचा दाब असतो, आणि प्रशिक्षणाविना तिला हात लावणारा मिस्त्री दुसरी संधी मिळवीत नाही. न शिकता अनुभवावर निभावण्याचे दिवस सरले.

मार्ग थोडक्यात सांगतो. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यानंतर १९६१ च्या कायद्यान्वये एखाद्या अधिकृत सेवा केंद्रात वा एसटीच्या कार्यशाळेत उमेदवारी. मग निदान तीन वर्षे नोकरी, त्यांतले एक वर्ष सुट्या भागांच्या काउंटरवर किंवा गिऱ्हाइकांची नोंद घेणाऱ्या टेबलावर. ज्यास पुढे शिकावयाचे असेल, त्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेशाची वाट आहे. उलाढाल २० लाखांपलीकडे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते, हे आधीच ठाऊक असावे. वापरलेले ऑइल गटारात ओतू नये, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यास द्यावे.

आता पालकांशी थोडे कठोर बोलतो. मुलगा शिकून बाहेर पडला रे पडला, की हौसेने त्याच्यासाठी शेड बांधू नका, लिफ्ट विकत घेऊ नका, मुद्रा कर्जाच्या कागदावर सह्या करू नका. बावीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हप्ता ठेवून तुम्ही त्याचे शिकणे थांबविता. त्यास मग मिळेल त्या गाडीला मिळेल त्या दरात हात लावावा लागतो. आणि ‘गॅरेजवाल्याला पोरगी कोण देणार, सर?’ असे डोळ्यांत पाणी आणून विचारणाऱ्या मातांना मी सांगतो, की आपण स्वतः आपल्या लेकीसाठी स्थळ पाहताना ऑइलने माखलेल्या हातांचा मुलगा नाकारतो की नाही, याचे उत्तर आधी द्यावे. समाज म्हणून ज्याचे भय बाळगता, तो तुम्हीच आहात.

त्या यंत्रमागवाल्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले, की निर्णय पंधरा दिवस लांबणीवर टाका. मुलाला एक दोनशे पानी वही दिली आणि गल्लीतल्या ज्या ज्या गाडीला तो हात लावील, तिची तक्रार, सापडलेले कारण, लागलेला वेळ आणि घेतलेले पैसे असे चार रकाने भरावयास सांगितले. ते दोघे परत आले तेव्हा वहीत अकरा गाड्या होत्या. अक्षर वाईट होते. कारणाचा रकाना मात्र एकही रिकामा नव्हता. वडिलांनी वही माझ्या हातून घेतली, कापडाचे मीटर मोजण्याची सवय असलेले बोट शेवटच्या रकान्यावरून खाली फिरविले आणि थांबविले.

‘ह्या चार गाड्यांचं पैसं का न्हाईत लिवलं?’

‘दोस्तांच्या हुत्या, आण्णा.’

‘आन ह्या बुलेटला पाच तास? सामान कुठनं आनलंस? त्येची पावती कुठं हाय?’

मुलगा खिसे चाचपू लागला. वडिलांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली, माझ्या टेबलावरचे पेन मागितले आणि वही पहिल्या पानापासून पुन्हा उघडली.