हिमचादरींचा अंदाज ग्राफपेपरवर असा मांडा

ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका वितळून २१०० पर्यंत समुद्र अमुक इतका वर येणार, असा एकच आकडा बातमीत येतो. त्या आकड्याच्या मागे-पुढे किती जागा मोकळी आहे, ते आज आपण स्वतः पट्टीने मोजू. मिलिमीटरचा ग्राफपेपर, फूटपट्टी, शिसपेन्सिल, एक लाल आणि एक निळी पेन्सिल, खोडरबर एवढं जवळ घ्या. आकडे आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालातले आहेत, जिथे दुसरीकडचे आहेत तिथे तसं सांगितलंय. गणित वजाबाकीच्या पुढे जात नाही. बसा.

१. ग्राफपेपर उभा ठेवा.

२. तळापासून दोन सेंटिमीटर वर एक आडवी रेघ मारा आणि तिच्यासमोर शून्य लिहा. अगदी तळाशी मारू नका, आपल्याला शून्याच्या खालीही उतरायचं आहे. (हो, खाली. अकराव्या पायरीपर्यंत धीर धरा.)

३. डाव्या कडेला माप लिहा: कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे समुद्राचा १ सेंटिमीटर. वर २०० पर्यंत जागा राहते ना, ते आत्ताच बघून घ्या. नंतर कागद पुरत नाही.

४. शून्याच्या रेघेखाली ‘१९९५ ते २०१४ ची सरासरी’ असं लिहा. आपली सगळी वाढ या पातळीपासून मोजलेली आहे. दुसऱ्या अहवालाची सुरुवात वेगळ्या वर्षापासून असेल तर त्याचे आकडे या रेघेवर चढवू नका. बहुतेक घोळ इथेच होतात.

५. ग्रीनलँडसाठी, कमी उत्सर्जनाच्या वाटेची (एसएसपी १-२.६) उभी निळी पट्टी काढा: १ पासून १० पर्यंत. ६ वर ठिपका द्या.

६. तिच्या शेजारी ग्रीनलँडचीच अतिजास्त उत्सर्जनाची (एसएसपी ५-८.५) लाल पट्टी काढा: ९ पासून १८, ठिपका १३ वर. दोन्ही पट्ट्या जेमतेम ९ ते १० मध्ये एकमेकींना शिवतात. तुमच्या कागदावर जास्त शिवत असतील तर शून्य चुकलंय, पुन्हा मोजा.

७. थोडं अंतर सोडून अंटार्क्टिकाची निळी पट्टी काढा: ३ पासून २७, ठिपका ११ वर.

८. तिच्या शेजारी अंटार्क्टिकाची लाल पट्टी: ३ पासून ३४, ठिपका १२ वर. इथे हमखास वाटतं की आपण चुकून मागचेच आकडे उतरवले. खोडू नका, बरोबर आहे. उत्सर्जनाची वाट एवढी बदलली तरी ठिपका फक्त एक मिलिमीटर सरकतो.

९. आता फूटपट्टीने दोन मापं घ्या आणि लाल पट्ट्यांच्या डोक्यावर लिहा: पट्टीची लांबी, आणि निळ्या ठिपक्यापासून लाल ठिपका किती वर आहे ते. ग्रीनलँडला येईल ९ आणि ७. अंटार्क्टिकाला ३१ आणि १. या कागदावरची सगळ्यात कामाची जागा हीच, तेव्हा घाई नको. ग्रीनलँडच्या बाबतीत माणसं काय करतात यावर बरंच अवलंबून आहे. अंटार्क्टिकाच्या बाबतीत, निदान या शतकापुरतं, मॉडेलांनाच उत्तर पक्कं माहीत नाही. मात्र ‘१’ पाहून ‘म्हणजे उत्सर्जन कमी करून फायदा नाही’ असं लिहू नका. लाल पट्टीचं टोक निळीपेक्षा ७ सेंटिमीटर वर आहे, तेही मोजा.

१०. अंटार्क्टिकाच्या लाल ठिपक्याच्या खाली किती आणि वर किती, ते मोजा. खाली ९, वर २२. म्हणून ‘१२ अधिक-उणे अमुक’ असं कधीही लिहू नका. अंदाज वरच्या बाजूला लांबलेला आहे आणि अधिक-उणेची खूण नेमकं तेच झाकते.

११. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने एक बारीक रेघ काढा: उणे ७.८ पासून ३० पर्यंत. ही आयएसएमआयपी-६ या संयुक्त प्रकल्पातली, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली, अंटार्क्टिकाची जास्त उत्सर्जनावरची मॉडेलं. उणे कसं? तापलेल्या हवेतून अंटार्क्टिकावर बर्फ जास्त पडतं आणि कोमट समुद्र कडेचं बर्फ खालून खातो. काही मॉडेलांत पडणारं बर्फ जिंकतं. ही रेघ आधीच्या पट्ट्यांना जोडू नका. ती २०१५ पासून मोजलेली आहे, शिवाय हवामान स्थिर ठेवून मॉडेल चालवल्यावर जो बदल आपोआप दिसतो तो तिच्यातून वजा केलेला आहे. आणि ही निव्वळ मॉडेलांची पांगापांग आहे, शक्यतेचा आकडा नव्हे.

१२. चारही रंगीत पट्ट्यांच्या खाली ‘किमान दोन-तृतीयांश शक्यता’ असं लिहा. अहवालात ‘लाइकली’ म्हणतात त्याचा अर्थ एवढाच. पट्टीचं वरचं टोक म्हणजे छत समजू नका, खरा आकडा त्याच्याही वर जाऊ शकतो.

१३. मधल्या मोकळ्या जागेत समुद्राच्या एकूण वाढीची लाल पट्टी काढा: ६३ पासून १०१, ठिपका ७७ वर. यात दोन्ही हिमचादरींबरोबर तापून फुगलेलं पाणी, डोंगरांवरच्या हिमनद्या आणि जमिनीवरून समुद्रात गेलेलं पाणीही आलं. ही पट्टी स्वतः बेरीज करून काढू नका. लोकल लेट, रिक्षा गायब आणि लिफ्ट बंद, हे तिन्ही एकाच दिवशी क्वचित होतं. वरची टोकं नुसती मिळवली की तसाच दिवस रोजचा धरल्यासारखं होतं.

१४. १०१ च्या टोकापासून २०० पर्यंत तुटक रेघ न्या आणि बाजूला ‘नाकारता येत नाही’ असं लिहा. अतिजास्त उत्सर्जन असेल तर २१०० पर्यंत वाढ २ मीटरच्या जवळ जाण्याची शक्यता अहवालाने याच शब्दांत, कमी खात्रीची म्हणून, नोंदवली आहे. तरंगते हिममंच तुटले की मागचे उंच बर्फाचे कडे एकामागून एक कोसळत जातील का, यावर मॉडेलांचं एकमत नाही. तुटक रेघेजवळ टक्के लिहायचा मोह होईल. लिहू नका, भरवशाचे टक्के कुणाकडेच नाहीत. आणि ‘एवढं काही होत नाही’ म्हणून ती खोडूही नका. बंदराची भिंत किंवा वीजकेंद्र बांधणारा आधी हीच रेघ बघतो.

१५. कोकणासाठी किंवा मुंबईसाठी आकडा हवा असेल तर नासाचं सी लेव्हल प्रोजेक्शन टूल उघडा आणि नकाशावर जवळचा ठिपका निवडा. वरचे सगळे आकडे जगाच्या सरासरीचे आहेत, ते उचलून गेटवे ऑफ इंडियाला चिकटवू नका. किनारा खचतोय की उचलला जातोय याने फरक पडतो. शिवाय अंटार्क्टिकाचं बर्फ घटलं की त्याची पाण्यावरची ओढ घटते, तिथलं पाणी दूर सरकतं आणि आपल्यासारख्या लांबच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढतं.

१६. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात ‘आयपीसीसी, २०२१’ आणि आजची तारीख टाका. पुढचा अहवाल आला की नवा ग्राफपेपर घ्या, याच कागदावर खाडाखोड करू नका. कुठली पट्टी आखडली आणि कुठली लांबली, ते दोन कागद शेजारी ठेवल्यावरच दिसतं.