पैसे सासूबाईंचे, संशय सुनेवर

सासूबाईंचे गृहलक्ष्मीचे पैसे उचलले तिसऱ्यानंच, आणि घरात चोर ठरले मी. अजूनही आठवलं की डोकं तापतं. म्हणून इथं कुणाची भीड ठेवणार नाही. नावं मात्र घेत नाही, कारण तक्रार अजून निकाली निघालेली नाही.

आमचं गाव कर्नाटकातल्या भालकी तालुक्यात. गृहलक्ष्मीची नोंदणी १९ जुलै २०२३ ला सुरू झाली आणि ३० ऑगस्टला म्हैसूरला योजनेचं उद्घाटन झालं. महिन्याला २००० रुपये, घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यात. कर्ती कोण, हे रेशनकार्डावरून ठरतं, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे कार्डावर घरातली सगळ्यात वडील बाई कुटुंबप्रमुख. आमच्याकडे त्या सासूबाई. माझं माहेर निलंगा तालुक्यातलं. तिकडे महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजना आली, तर माझ्या भावजयीला १५०० रुपये तिच्या स्वतःच्या नावावर. इकडे एका कार्डाला एकच बाई. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, म्हाताऱ्या माणसाच्या हातात पैसा असावाच. पण रांगेत उभं राहायचं मी, झेरॉक्स काढायच्या मी, आणि ज्या पैशाला मी हातही लावला नाही त्याचा जाबही मीच द्यायचा, हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

गावात बाकीच्या बायकांना पैसे येऊ लागले, सासूबाईंना येईनात. पासबुक भरून आणलं तर त्यात गृहलक्ष्मीचं काहीच नाही. ऑफिसात विचारलं तर तिथल्या कॉम्प्युटरवर ‘जमा’. मग उदगीरची नणंद आली. आईचा मोबाईल वहिनीकडं, पासबुक वहिनीकडं, बारावी शिकलेली वहिनीच, मग पैसे गेले कुठं? भावकीतल्या चार बायकांसमोर तिनं मला माझी ट्रंक उघडायला लावली. साड्यांखाली माझ्या शिलाईचे पैसे होते, तेही मोजले. नवरा हैदराबादला कामाला. फोनवर तो म्हणाला, जाऊ दे, वाढवू नको. वाढवू नको म्हणजे काय? मी वाढवलं, म्हणून तर खरं बाहेर आलं.

ज्यानं फॉर्म भरला तो सेवा केंद्रवाला पोरगा गावातलाच, लहानपणापासून सासूबाईंच्या हातचं खाल्लेला. त्या विचारायला गेल्या की तो म्हणायचा, “आजी, केवायसी राहिलीय, थंब लावा.” मशीनवर अंगठा ठेवून घ्यायचा, मग म्हणायचा, “सर्व्हर डाऊन आहे, पुढच्या आठवड्यात या.” वर पन्नास रुपये फी. आणि एकदा तर म्हणाला, “पैसे तर पडलेत आजी, सुनेला विचारा.” चोरी केली ती केली. पण दुसऱ्याच्या घरात असं भांडण पेरून हा माणूस रोज सकाळी दुकान उघडून बसत होता, त्याची मला जास्त चीड आहे.

एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. अन्नभाग्य योजनेत वाढीव पाच किलो तांदूळ सरकारकडं नव्हता, म्हणून जुलै २०२३ पासून किलोला ३४ रुपये धरून माणशी १७० रुपये खात्यात यायचे. आमच्या कार्डावर पाच माणसं, म्हणजे ८५०. पहिला हप्ता सासूबाईंच्या जुन्या पासबुकात स्पष्ट दिसत होता. गृहलक्ष्मीचा फॉर्म भरला आणि त्यानंतर तेही थांबलं. हे मी नणंदेला दाखवलं, तर तिनं पासबुक बाजूला सारलं.

मग सासूबाईंनाच घेऊन भालकीला बँकेत गेले. बायकांसाठीच्या शक्ती योजनेमुळे बसला तिकिटाचे पैसे लागत नव्हते, नाहीतर तेवढ्या फेऱ्या आम्हाला परवडल्याच नसत्या. काउंटरवरच्या साहेबांनी आधार नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडं वळवली. “ताई, आजींचं आधार आता आमच्या बँकेला जोडलेलंच नाही. दुसऱ्या बँकेत आहे.” सासूबाई म्हणाल्या, मी दुसऱ्या बँकेची पायरीही चढले नाही. साहेबांनी तेव्हा समजावलं ते प्रत्येक बाईनं समजून घ्यावं: या योजनांचा पैसा खाते नंबर बघून जात नाही. आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं, त्या बँकेत जातो. तुमचं जुनं खातं चालू असलं, पासबुक हातात असलं, तरी उपयोग नाही.

त्या दुसऱ्या बँकेत सासूबाईंच्या नावाचं झिरो बॅलन्स खातं निघालं. फॉर्म भरताना घेतलेल्या अंगठ्यांवरच ते उघडलेलं. स्टेटमेंट काढलं. सरकारकडून २००० जमा, आणि पुढच्या ओळीत अंगठ्यावर रोख काढलेले २०००. मधे अन्नभाग्यचे ८५०, तेही त्याच वाटेनं गेलेले. ज्या ज्या तारखेला पैसे निघाले होते ती तारीख ‘सर्व्हर डाऊन’ची. खात्याला मोबाईल नंबर कुणाचा, म्हणून विचारलं. तिथल्या मॅडमनी नंबर वाचून दाखवला. तो आमच्या घरातला कुणाचाच नव्हता, पण मला तोंडपाठ होता. केंद्राच्या पाटीवर लाल रंगात तोच नंबर आहे. मी रोज तिथूनच पाण्याला जाते. मी तिथंच खाली बसले. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, बोलल्या काही नाहीत.

हे आमच्याच नशिबी आलं असंही नाही. २०१७ साली एअरटेलच्या कित्येक ग्राहकांची गॅसची सबसिडी त्यांना न विचारता उघडलेल्या पेमेंट्स बँकेच्या खात्यांत वळली होती, आणि डिसेंबरात आधार प्राधिकरणानं कंपनीची ई-केवायसी थांबवली होती. शहरातल्या शिकलेल्यांचं जिथं असं झालं, तिथं कन्नड मेसेज न वाचता येणाऱ्या आमच्या सीमेवरच्या बायकांचं काय? आम्ही कन्नड बोलतो, वाचता येत नाही. मेसेज आला तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि मेसेज येतच नसेल तर तो दुसऱ्याच्या मोबाईलवर जातो आहे का, हे आधी बघा. खात्याला लागलेला नंबर घरातलाच हवा.

आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे हे मायआधारच्या साइटवर दिसतं, पण त्याला आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी लागतो. मोबाईल जोडलेला नसेल तर सरळ बँकेच्या शाखेत जा, केंद्रात नको. आपल्या बँकेत आधार पुन्हा जोडून द्या म्हणून अर्ज केला की पुढचे पैसे परत तिकडं येतात. आमचे तसेच आले.

अंगठा लावला की चिठ्ठी मागा. व्यवहार झाला नाही म्हणाला तर ‘फेल’ची चिठ्ठीसुद्धा मागा. देत नसेल तर त्याच दिवशी दुसरीकडं बॅलन्स तपासा. केवायसीसाठी पुन्हा पुन्हा अंगठा मागणाऱ्याकडं फिरकू नका. एमआधार ॲपमधून अंगठा लॉकही करता येतो; ज्यांना जमत नाही त्यांनी १९४७ ला फोन करावा.

मात्र पैसे आले नाहीत म्हणजे चोरीच झाली असं धरून बसू नका. गृहलक्ष्मीचे हप्ते महिनेच्या महिने रखडतात, मग एकदम पडतात. शेजारणीला आले का ते विचारा. तिलाही नसतील तर सरकारचा उशीर. तिला आले आणि तुम्हाला नाही, तर उठा. या उशिराच्या आडोशानंच आमच्या केंद्रवाल्याचं इतके दिवस निभावलं.

पैसे कोणत्या महिन्याचे आले, कशाला गेले, हे वहीत लिहा. विशेषतः सून घरात व्यवहार बघत असेल तर. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, पेरणीला सोयाबीनची बॅग, मुलांच्या वह्या, मायक्रोफायनान्सचा हप्ता. हल्ली सगळं मी त्यांच्यासमोर लिहिते आणि त्यांचा अंगठा घेते. मला यात सुख नाही. एका घरात राहून हिशेबावर अंगठा घ्यावा लागतो हेच वाईट. पण ट्रंक उघडायची वेळ पुन्हा माझ्यावर आणायची नाही. पैसा हातात आल्यावर सासूबाई गोळीसाठी मुलाच्या तोंडाकडं बघत नाहीत, हे मात्र मी डोळ्यांनी बघते आहे. दोन हजार कुणाला थोडे वाटतील. ज्या बाईला आयुष्यभर दहा रुपयेही मागून घ्यावे लागले, तिला विचारा.

तक्रार तोंडी करू नका. बँकेकडं लेखी द्या आणि पोच घ्या. केंद्रवाला बँकेचा एजंट म्हणून पैसे देत असेल तर त्याच्या कामाची जबाबदारी बँकेवर असते. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. “आमचा संबंध नाही” असं मॅनेजर म्हणाले तर हे ऐकवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडं जाता येतं, माहितीला १४४४८ हा नंबर आहे. फसवणूक ताजी असेल तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, वेळ घालवू नका.

आमच्या केंद्रवाल्यानं स्टेटमेंट बघितल्यावर चार माणसांत थोडी रक्कम परत केली आणि लगेच ‘आपसात मिटलं, तक्रार नाही’ असा कागद पुढं केला. गावातले मोठे लोकही म्हणाले, पोरगा आपलाच आहे, सही करून टाका. सासूबाईंनी अंगठा दिला नाही. तुम्हीही पूर्ण पैसे येईपर्यंत असल्या कागदाला हात लावू नका, कारण तो कागद बँकेत दाखवून तो मोकळा होतो. परत आलेली रक्कम मात्र आम्ही खात्यातच भरायला लावली, पावतीसकट.

नणंदेनं अजून त्या ट्रंकेबद्दल एक शब्द काढलेला नाही. मी तिला स्टेटमेंटची झेरॉक्स पाठवली आहे. उरलेल्या रकमेचा अर्ज बँकेत पडून आहे; मुदत संपली की तो लोकपालांकडं जाईल.