मनाला पटलं तसं वागणं

पूर्वी तलाठी म्हणायचे, "बाबा, इथं अंगठा उठव." आपण अंगठा उठवत होतो. कागदात काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नव्हते. खोटे लिहिले असेल तर पाप लिहिणाऱ्याचे, असे म्हणून आपण मोकळे होत होतो.

आता तुम्ही सही करता. तेव्हा तसे म्हणता येणार नाही.

समजा, गावात बांधाचा तंटा आहे. पंचनामा झाला. तुम्ही पंच. तुम्ही तो कागद अक्षर लावून सावकाश वाचता. त्यात लिहिले आहे, 'बांध पूर्वीपासून याच जागी आहे.' तुम्हाला तर पक्के ठाऊक आहे, की दोन वर्षांमागे बांध चार हात पलीकडे होता. पण ज्याने बांध सरकवला तो तुमच्या सोयऱ्यांपैकी. दर साली त्याच्याच ट्रॅक्टरवर तुमची नांगरट होते. तो हसून पेन पुढे करतो.

"सगळेच करतात. आपल्या एकट्यानं काय होणार?" असे मन म्हणते. आणि त्याच मनाला आतून काहीतरी टोचतही असते.

अशाच एका साक्षीची खरी हकिगत सांगतो. ती १९१४ सालची, कोल्हापूरची.

कोल्हापुरात इंग्रज राजाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासले. राज्य इंग्रजांचे. मोठी खळबळ उडाली. यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतवायचे, असा डाव झाला. लठ्ठे हे शिकलेले, समाजसुधारणेचे काम करणारे गृहस्थ. पुढे १९३७ साली ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. पण गुंतवायचे तर साक्षीदार हवा. म्हणून पोलिसांनी भाऊराव पाटील नावाच्या एका तरुणाला धरले.

भाऊराव कुंभोज गावात १८८७ साली जन्मले. घर जैन. तेव्हा त्यांचे वय सत्तावीसच्या आतबाहेर. हातात ना हुद्दा, ना पैसा. मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते. लठ्ठ्यांविरुद्ध दोन वाक्ये बोलली असती, तर सुटून घरी गेले असते. त्यांनी ती बोलायला नकार दिला. कोठडी झाली, मारहाण झाली. छळ इतका झाला, की जीव नकोसा व्हावा. तरी खोटी साक्ष दिली नाही.

आपल्याला वाटते, असे वागायला माणूस थोर असावा लागतो. पण तेव्हा भाऊराव थोर कुठे होते? त्यांना 'कर्मवीर' म्हणू लागले ते फार पुढे.

नंतर पोटासाठी त्यांनी फिरतीची नोकरी केली. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते गावोगाव हिंडले. माल विकता विकता त्यांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. कष्टाला कमी नाही, पण सावकाराने कागदावर काय मांडले ते वाचता येत नाही. कंदील विकून अंधार जाईना, हे त्यांना कळून चुकले असावे. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. रयत म्हणजे तुम्ही आम्ही, कष्ट करणारी माणसे. १९२४ पासून साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळ्या जातींची मुले एका छताखाली राहू लागली. एका पंगतीला जेवू लागली. पाणवठे वेगळे असण्याचे ते दिवस होते, हे विसरू नका. १९२७ साली गांधीजींनी हे वसतिगृह येऊन पाहिले.

इथवरची हकिगत पुष्कळांना ठाऊक असते. पण मला नेहमी वाटते, हे सगळे चालू असताना भाऊरावांच्या घरी काय चालले होते?

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. खात्यापित्या घरच्या. अंगावर चांगले सोने घेऊन सासरी आलेल्या. माहेरचे वळण सोवळ्याओवळ्याचे. सगळ्या जातींच्या मुलांनी घरात वावरावे, हे भाऊरावांना पटले होते. लक्ष्मीबाईंना सुरुवातीला ते पटले नव्हते. त्यात दोष काय काढायचा? लहानपणापासून जे शिकवले तेच त्या पाळत होत्या. आपल्या मनाप्रमाणे वागायचा हक्क भाऊरावांना होता. मग त्यांना नव्हता का? हा प्रश्न अवघड आहे. मला त्याचे उत्तर सरळ देता येत नाही.

पण झाले ते असे. मुले समोर होती. कुणी तापाने फणफणलेले, कुणी आईवाचून रडणारे. त्यांचे करता करता सोवळे आपोआप गळून पडले. पुढे त्या मुलांची आईच झाल्या. वसतिगृहाला पैसा पुरेना, तेव्हा अंगावरचा एकेक दागिना गेला. एकदा भाऊराव बाहेरगावी होते. घरात धान्याचा दाणा उरला नाही, आणि पोरे भुकेली. लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि धान्य आणवले. त्या काळात नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणे बाईला किती जड, ते घरोघरच्या बायकांना विचारा. हे त्यांना कुणी करायला सांगितले नव्हते. नवरा तर गावातही नव्हता.

लक्ष्मीबाई १९३० साली वारल्या. सोलापूरला रयत संस्थेचे मुलींचे कॉलेज आहे. त्याला त्यांचे नाव दिलेले आहे.

आता आपल्या बांधाकडे या. पंचनामा खरा नसेल, तर सही करू नका. "मी पाहिलं ते असं आहे, तसं लिहा," म्हणून सांगा. ते वाचून बघा, मगच सही. पण त्याआधी रात्री घरी बसून कारभारणीशी बोला. सोयऱ्याचा ट्रॅक्टर यंदा येणार नाही. तिची बहीण त्याच घरात दिली असेल, तर दिवाळीला तिकडचे बोलावणेही येणार नाही. भाड्याच्या ट्रॅक्टरला एकराला काय पडते आणि ते पैसे कुठून उभे करायचे, हे दोघांनी मिळून काढायचे आहे.