गॅलरीआधी माती

नांदगाव खंडेश्वरच्या काळ्या मातीत पोरांसाठी फुटबॉलचं मैदान करताना, आणि कोल्हापूर-मुंबईची स्टेडियमं पाहताना जे कळत गेलं, ते लिहितो.

१. पहिला पैसा पाण्याच्या निचऱ्यावर. आमची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. निचरा नसेल तर पहिल्याच झडीत गोलसमोर चिखल होतो. उन्हाळ्यात भेगेत पाय जाऊन घोटा मुरगळतो, तो त्रास वेगळाच. म्हणून १०५ बाय ६८ मीटरच्या पट्ट्यातली काळी माती आधी उकरून काढावी. चर खणून भोकं पाडलेले पाइप टाकावेत, त्यावर गिट्टी, मग रेती, मग गवताला पोसेल अशी भुसभुशीत माती. मधला भाग किंचित उंच ठेवावा. हा सगळा खर्च जमिनीत गडप होतो, फोटोत येत नाही, तरी त्यावर अडून बसावं. गॅलरी पुढच्या वर्षीही बांधता येते. गवत लागल्यावर खालचा पाइप बदलायला अख्खं मैदान उखडावं लागतं.

२. संघ नसतील तर स्टेडियम ओस पडतं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली. तिथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालमींचेच फुटबॉल संघ आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ आपल्या तालमीमागे उभी राहते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला.

३. नूतनीकरण म्हणजे खुर्च्या वाढवणं, हे मला पटत नाही. मुंबई सिटी संघ २०१६ मध्ये नेरुळचं भव्य डी. वाय. पाटील स्टेडियम सोडून अंधेरीच्या लहानशा क्रीडा संकुलात गेला. क्रिकेटच्या गोल मैदानात प्रेक्षक फुटबॉलपासून फार लांब बसतो. अंधेरीत खेळाडूची हाक ऐकू येते.

४. दुरुस्तीच्या निधीबरोबर स्पर्धेचीही सोय करावी. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स करंडक कित्येक दशकं मुंबईच्या कूपरेजवर रंगला. आता ती स्पर्धाच होत नाही.

५. मुलींची वेळ फळ्यावर लिहून टाकावी. १७ वर्षांखालील मुलींच्या २०२२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना नेरुळलाच झाला, स्पेननं कोलंबियाला १-० नं हरवलं. आमच्या पोरींना मात्र मुलांचा खेळ आटोपल्यावर, अंधार पडता पडता मैदान मिळायचं. दिवे, कपडे बदलायची खोली आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह पहिल्याच अंदाजपत्रकात धरावं. आम्ही आता संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ त्यांचीच ठेवली आहे.